कोणाची शाळा चांगली? आधी हजेरीपट दाखवा

गेल्या महिन्यात आमच्या मोहल्ल्यातल्या एका हॉलमध्ये तालिमीवर बैठक झाली. अशा बैठका आमच्याकडे पुष्कळ होतात. चहा होतो, भाषणं होतात, मुलं कशी वाया चालली आहेत यावर सगळ्यांचं एकमत होतं आणि लोक घरी जातात. या वेळी मात्र एक ठराव होता. मनपाच्या उर्दू शाळा समाजातल्या एखाद्या चांगल्या संस्थेला चालवायला द्याव्यात. इमारत मनपाची, पैसा मनपाचा, कारभार संस्थेचा.

ठराव मांडणारे गृहस्थ सज्जन आहेत. शिकलेले आहेत, चार गरीब मुलांच्या फीचा भार दरवर्षी गुपचूप उचलतात, मुलगा न्यू जर्सीत आहे. त्यांनी पडद्यावर एक तक्ता दाखवला आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "आपा, तुम्ही टीचर लोकांनी वाईट वाटून घेऊ नका. पण अमेरिकेत हे तीस वर्षांपूर्वीच सुरू झालंय. तिकडे चार्टर स्कूल म्हणतात. त्यांचा निकाल सरकारी शाळांपेक्षा वर आहे. मी नाही म्हणत, आकडे म्हणतात."

मी मनपाच्या उर्दू शाळेत सहावी ते आठवीला उर्दू आणि मराठी शिकवते. हॉलमध्ये गप्प बसले, कारण आकडे मला माहीत नव्हते. घरी येऊन पंधरा दिवस तेच वाचत बसले. जे वाचलं ते इथे लिहिते आहे, कारण तो ठराव आता सह्यांसाठी फिरतोय आणि सही करणाऱ्यांतल्या बहुतेकांची मुलं त्या शाळांत नाहीत.

आधी चार्टर म्हणजे काय ते सांगते. चार्टर म्हणजे करारनामा. सरकारी पैशावर चालणारी, फी न घेणारी, पण शिक्षण खात्याच्या रोजच्या नियमांतून बरीचशी मोकळी केलेली शाळा. ठरावीक वर्षांचा करार असतो. निकाल दाखवला नाही तर करार रद्द आणि शाळा बंद. पहिला कायदा मिनेसोटा राज्यात १९९१ मध्ये झाला, पहिली शाळा तिथल्याच सेंट पॉल शहरात १९९२ मध्ये उघडली. आज ३५ लाखांहून जास्त मुलं अशा शाळांत शिकतात. गंमत अशी की ही कल्पना १९८८ मध्ये देशभर पोहोचवणारा माणूस शिक्षक संघटनेचा अध्यक्ष होता, अल्बर्ट शँकर. त्याचं म्हणणं होतं की शिक्षकांनाच छोट्या शाळा काढू द्या, नवं करून बघू द्या आणि जे जमेल ते बाकीच्या सरकारी शाळांत आणा. पुढे कंपन्या आणि साखळ्या यात उतरल्या तेव्हा तोच शँकर विरोधात गेला. आमच्या बैठकीतल्या तक्त्यात शँकर नव्हता.

आता आकडे. स्टॅनफर्ड विद्यापीठात क्रेडो नावाचं संशोधन केंद्र आहे. चार्टरवाले आणि चार्टरविरोधी दोघेही आपापल्या सोयीने त्याचेच अहवाल दाखवतात. २००९ च्या अहवालात गणितात १७ टक्के चार्टर शाळा आसपासच्या सरकारी शाळांहून चांगल्या निघाल्या, ४६ टक्क्यांत फरक नव्हता आणि ३७ टक्के शाळा वाईट निघाल्या. म्हणजे चांगल्या निघाल्या त्याच्या दुपटीहून जास्त वाईट. २०१३ मध्ये चित्र सुधारलं: गणितात २९ टक्के चांगल्या, ३१ टक्के वाईट, बाकी सारख्याच. २०२३ च्या अहवालात चार्टरची मुलं सरासरीने पुढे आहेत. किती? वाचनात १६ दिवस, गणितात ६ दिवस.

आमच्या साहेबांच्या तक्त्यात हे १६ दिवस ठळक हिरव्या रंगात होते. ऐकायला मोठे वाटतात. वर्षात १८० दिवस शाळा, त्यात १६ दिवस जास्त शिकलं लेकरू! पण हे खरे दिवस नव्हेत. परीक्षेतल्या गुणांच्या फरकाचं दिवसांत केलेलं रूपांतर आहे. बीएडला असताना प्रमाण विचलन आम्ही घोकून पास केलं आणि विसरलो, ते या निमित्ताने पुन्हा उघडलं. १६ दिवस म्हणजे ०.०३ प्रमाण विचलनाहूनही कमी. साध्या भाषेत, शंभर मुलं गुणांप्रमाणे रांगेत उभी केली तर बरोबर मधला मुलगा एक जागा पुढे सरकेल. गणितात तेवढंही नाही. शिवाय त्याच अहवालात ऑनलाइन चालणाऱ्या चार्टर शाळांची मुलं वाचनात ५८ आणि गणितात १२४ दिवस मागे पडलेली आहेत. ती ओळ पडद्यावर नव्हती.

या एका जागेसाठी शाळांची मालकी बदलायची? असं म्हणून मी वही मिटणार होते. पण मग बॉस्टनचं वाचलं, आणि ते सांगितलं नाही तर मीही साहेबांसारखीच निवडून ओळी दाखवणारी ठरेन.

निकालांची तुलना करताना सगळ्यात मोठी अडचण अशी की चार्टरला अर्ज करणारे पालक वेगळे असतात. जी आई फॉर्म आणते, भरते, तारीख लक्षात ठेवते, तिचं मूल कुठेही घाला, थोडं पुढेच जाईल. ही अडचण सोडवायची एक सरळ वाट आहे. जागांपेक्षा अर्ज जास्त झाले की चार्टर शाळांना सोडत काढावी लागते, आपल्याकडे आरटीईच्या २५ टक्क्यांना निघते तशी. मग सोडतीत नंबर लागलेली मुलं आणि न लागलेली मुलं यांची तुलना करा. दोघांच्याही आया फॉर्म आणणाऱ्या. फरक फक्त नशिबाचा.

अशी तुलना बॉस्टनमध्ये झाली तेव्हा सोडत जिंकलेली मुलं गणितात खरोखर खूप पुढे गेली. गरीब, बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं. एका जागेचा फरक नव्हे, चांगला घसघशीत. पण १५ राज्यांतल्या ३६ चार्टर शाळांचा असाच सोडतीवर आधारलेला अभ्यास २०१० मध्ये आला, त्यात सरासरी फरक शून्याजवळ निघाला. आत डोकावलं तर गरीब मुलांच्या शाळांत गणितात फायदा, खात्यापित्या घरच्या मुलांच्या शाळांत उलट तोटा. तेव्हा "चार्टर चांगल्या की सरकारी" हा प्रश्नच बिनकामाचा आहे. हे म्हणजे "रिक्षाने गेलं की लवकर पोहोचतो का" असं विचारण्यासारखं आहे. कुठून, कुठे, कोण चालवतंय?

मग बॉस्टनच्या त्या शाळांत होतं काय? शाळेचा दिवस लांब, वर्ष लांब, मागे राहिलेल्या मुलाला रोज वेगळी शिकवणी, शिक्षकाच्या वर्गात वारंवार कोणीतरी येऊन बसणार आणि काय चुकतंय ते सांगणार, आणि कडक शिस्त. शेवटची गोष्ट मला पटत नाही. ओळीत चालताना बोलला म्हणून लेकराला घरी पाठवणं ही तरबियत नव्हे. पण बाकीच्यात जादू कुठली आहे? यातलं काय करायला मालक बदलावा लागतो?

हा माझा प्रश्न अमेरिकेत एकाने करूनच पाहिला. रोलंड फ्रायर नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने २०१० पासून ह्यूस्टन शहरातल्या २० अगदी मागे पडलेल्या सरकारी शाळांत हीच सूत्रं नेली. शाळा सरकारीच राहिल्या, मुलं तीच, सोडत नाही, फॉर्म नाही. तास वाढवले. सहावी-नववीच्या मुलांना गणितासाठी दोन मुलांमागे एक शिकवणारा दिला. गणितात दर वर्षी ०.१५ ते ०.१८ प्रमाण विचलनाची वाढ झाली. मघाच्या ०.०३ शी ताडून बघा. वाचनात फारसा फरक पडला नाही, हेही लिहिते. भाषा शिकवणारीला याचं आश्चर्य वाटत नाही, भाषा घरात आणि गल्लीत वाढते, शिकवणीत कमी. आणि आमच्या संघटनेतल्या भावा-बहिणींना न आवडणारी गोष्टही सांगते. त्या २० पैकी १९ शाळांचे मुख्याध्यापक बदलले गेले आणि जवळपास निम्मे शिक्षकही.

दुखतं ना? मलाही दुखलं. पण खोटं का बोलायचं. आमच्यात असे लोक आहेत ज्यांच्या वर्गात मी माझं मूल घालणार नाही. तासाला मोबाइल, फळ्यावर गाइडातली उत्तरं, आणि वर "यह बच्चे क्या पढ़ेंगे" हे पालुपद. अशा माणसाला हात लावायचा म्हटलं की आम्ही सगळे एक होतो. साहेबांच्या ठरावाला बळ मिळतं ते अमेरिकेतून नव्हे, या आमच्या स्टाफरूममधून.

पण साहेबांचंही एक देणं आहे, आणि ते हजेरीपटातलं आहे.

माझं गाव यंत्रमागाचं. एका वर्षाचं सांगते. जूनमध्ये सातवीच्या पटावर ४१ नावं होती. मार्चमध्ये ३८. कोणालाही वाटेल तीन मुलं गेली. प्रत्यक्षात बारा गेली होती आणि नऊ नवी आली होती. लूम बंद पडले की कुटुंबं गावी जातात, कोणी आझमगडला, कोणी मऊला. दिवाळीनंतर परत येतात, किंवा त्यांच्या जागी दुसरी येतात. त्या नऊतला एक मुलगा नोव्हेंबरात आला. हिंदी शाळेत शिकलेला, उर्दू लिपी येत नव्हती, मराठी तर त्याने फक्त बसच्या पाट्यांवर पाहिली होती. डिसेंबरभर मी त्याला मधल्या सुटीत अलिफ-बे गिरवायला बसवलं. मार्चमध्ये तो अडखळत एक परिच्छेद वाचू लागला. वार्षिक परीक्षेत नापासच्या काठावर राहिला आणि माझ्या वर्गाची सरासरी त्याने खाली ओढली. केंद्रप्रमुखांनी विचारलं, सातवीचा निकाल का घसरला?

अमेरिकेतल्या चार्टरच्या निकालात हा मुलगा कुठे असतो? किप नावाची मोठी आणि चांगली म्हणून नावाजलेली साखळी आहे. मुलं गळण्याचं तिथलं प्रमाण आसपासच्या सरकारी शाळांएवढंच निघालं. चार्टरवाले मुलं हाकलतात हा सरसकट आरोप त्यांच्या बाबतीत खरा नाही. पण गेलेल्या मुलांच्या जागी वरच्या इयत्तांत तिथे कमी मुलं घेतली जातात आणि जी घेतली जातात ती अभ्यासात बरी असतात. सरकारी शाळेत उलट: मधूनच येतात ती जास्त करून मागे पडलेली. न्यू यॉर्कची एक गाजलेली साखळी तर चौथीनंतर नवं मूल घेतच नसे. तिच्या एका शाळेत "घालवायची आहेत" अशा १६ मुलांची यादी तयार झाल्याचं २०१५ मध्ये न्यू यॉर्क टाइम्सने छापलं. संस्थेने चूक कबूल केली. एक यादी सापडली म्हणून सगळ्यांना झोडपणार नाही. पण मला ठाऊक आहे की यादी कागदावर करावी लागत नाही. आईला तीन वेळा शाळेत बोलावलं, "इथे याचं जमणार नाही हो" असं प्रेमाने सांगितलं, की ती दाखला घेऊन जाते. कुठे? माझ्याकडे. माझ्या पटावर अशी मुलं आहेत, इथल्याच नामवंत संस्थांच्या शाळांतून आलेली. दाखल्यावर शाळा सोडल्याचं कारण लिहिलेलं असतं: पालकांची विनंती.

साहेबांना वाटतं त्यांनी नवीन काहीतरी आणलंय. साहेब, पैसा सरकारचा आणि कारभार संस्थेचा ही आपल्याकडे नवलाई नाही. १८५४ च्या वुडच्या खलित्यात अनुदानाची पद्धत आली, त्यावरच आपल्या अनुदानित शाळा उभ्या आहेत. उर्दू हायस्कुलांतली बरीच तशीच आहेत. त्यांनी आपल्याला डॉक्टर दिले, वकील दिले, मलाही घडवलं. आणि याच पद्धतीत खोट्या हजेऱ्याही लागल्या. २०११ ची पटपडताळणी आठवत असेल. बाकावर नसलेली मुलं पटावर होती, आणि अनुदान उचललं जात होतं. अमेरिकेत निकाल नाही तर करार रद्द, निदान कागदावर तरी. आपल्याकडे संस्थेचं विश्वस्त मंडळ आणि नगरसेवक एकाच घरातले असले तर करार रद्द कोण करणार?

अमेरिकेचं उदाहरण द्यायचंच तर आपल्या लोकांचं एक पुरं द्यावं. मिनेसोटातच तारिक इब्न झियाद अकादमी नावाची चार्टर शाळा होती. मुलं बहुतेक सोमाली मुस्लिम स्थलांतरितांची, अरबी शिकवली जायची. २००९ मध्ये नागरी हक्कांच्या संघटनेने तिच्यावर दावा लावला की सरकारी पैशाने धर्म शिकवला जातोय. २०११ मध्ये शाळा बंद पडली. बाजू कोणाची खरी यात मी जात नाही. सांगायचं इतकंच की तिकडे चार्टर ही सरकारी शाळा मानली जाते, समाजाची खाजगी मालमत्ता नव्हे. आमच्या हॉलमध्ये मात्र टाळ्या पडल्या त्या "आपल्या शाळा आपल्या ताब्यात" या वाक्याला.

ताब्यात येऊन त्या मुलाचं काय? २०१४ च्या प्रमती खटल्याच्या निकालाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना शिक्षण हक्क कायद्याबाहेर ठेवलं. संस्थेच्या हक्कांसाठी ते बरोबर असेलही. पण नोव्हेंबरात आझमगडहून आलेल्या पोराने आपल्या संस्थेच्या दारात उभं राहून "हा माझा हक्क आहे" म्हणावं, असा कायदा त्याच्या पाठीशी उरत नाही. मनपाच्या शाळेत आहे. मला त्याला परत पाठवता येत नाही, आणि माझ्या नोकरीतली ही एकच सक्ती मला मनापासून आवडते.

खाजगी हातांनी निकाल आपोआप सुधारतो का, याचा आपल्या देशातला पुरावाही आहे. आंध्र प्रदेशात १८० गावांत झालेल्या प्रयोगात सोडतीने निवडलेल्या गरीब मुलांना खाजगी शाळेत जायला पैसे दिले गेले. चार वर्षांनी तेलुगू आणि गणितात, नंबर लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांत फरक नव्हता. हिंदीत होता, कारण खाजगी शाळा हिंदी शिकवत होत्या आणि सरकारी प्राथमिक शाळा नव्हत्या. हो, खाजगी शाळांनी हे कितीतरी कमी खर्चात केलं. तिथल्या शिक्षकाचा पगार सरकारी शिक्षकाच्या सहाव्या हिश्शाहून कमी होता. स्वस्त का पडलं ते यात आलं.

मुंबईत २०१३ पासून मनपाच्या शाळा संस्थांबरोबर चालवायचं धोरण आहे. आकांक्षा फाउंडेशनसारखी संस्था मुंबई-पुण्यात मनपाच्या शाळा चालवते आणि मेहनतीने चालवते. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार त्यांच्या शाळेला दोन जास्तीची माणसं मिळतात आणि माझ्या शाळेला मतदार याद्यांचं काम मिळतं, याबद्दल आहे. राज्याने सप्टेंबर २०२३ मध्ये दत्तक शाळा योजना काढली, कोणी कंपनीने शाळा दत्तक घ्यावी म्हणून. दत्तक अनाथ लेकरू देतात. आमचे आईबाप जिवंत आहेत, मनपाच्या इमारतीत बसतात, आणि संचमान्यतेत एक पद कमी करायला त्यांना एक दिवस लागतो, भरायला चार वर्षं.

मागच्या जुमेरातला साहेबांचा फोन आला. "आपा, सही राहिली तुमची." मी म्हटलं, "भाईजान, सही करते. ठरावात दोन ओळी घाला. एक, वर्षाच्या कुठल्याही महिन्यात, कुठल्याही इयत्तेत येणाऱ्या मुलाला प्रवेश द्यावाच लागेल. दोन, दर मार्चला निकालाबरोबर जूनचा पट, मार्चचा पट आणि दाखला घेऊन गेलेल्या मुलांची संख्या शाळेच्या दारावर लावली जाईल. माझ्या शाळेच्या दारावर मी आजच लावते."

ते म्हणाले, संस्थेशी बोलून सांगतो. सातवीच्या पटाचा कागद माझ्या शाळेच्या दारावर शनिवारपासून लागला आहे. वरचा कोपरा उन्हाने सुटलाय, उद्या डिंक न्यायचा आहे. साहेबांचा फोन अजून आलेला नाही.